सातचे सतरा

आमच्या ऑफिसात सूचना लावण्याची एक ठरलेली पद्धत आहे. पाण्याची टाकी धुवायची असली, की ती धुऊन झाल्यावर दोन दिवसांनी "टाकी धुतली जाणार आहे, तरी सर्वांनी पाणी भरून ठेवावे" असा कागद फळ्यावर लागतो. खाली सही असते, शिक्का असतो, जावक क्रमांक असतो. नसतं ते फक्त पाणी.

इंग्रज लोकांचं तसं नाही. ते खूनसुद्धा आगाऊ कळवून करतात. वार शुक्रवार, तारीख २९ ऑक्टोबर, संध्याकाळी साडेसहा, अमुक बाईंच्या बंगल्यात खून होणार आहे, असं सरळ गावच्या पेपरात छापून येतं. वर इष्टमित्रांना वेगळं बोलावणं येणार नाही, ही सूचनाच बोलावणं समजावी, असाही सूर असतो. आपल्याकडे लग्नपत्रिकेत "हेच आग्रहाचे निमंत्रण" छापतात ना, तसलाच प्रकार. फरक इतकाच, की 'आहेर आणू नये' ही तळटीप तेवढी नाही.

हे पुस्तक म्हणजे अगाथा ख्रिस्तीबाईंचं 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'. १९५० साली निघालं. बाईंचं हे पन्नासावं पुस्तक, असा त्या वेळी प्रकाशकांनी गाजावाजा केला होता. आता या पुस्तकाबद्दल मी का बोलावं, असं कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. मी बी.कॉम. आहे. साहित्याशी माझा अधिकृत संबंध आला तो व्यापारी पत्रव्यवहाराच्या पेपरापुरता. त्यात 'आपले दिनांक अमुकचे पत्र पोहोचले' यापुढे माझी प्रतिभा कधी गेली नाही. पण वीसेक वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून सह्या ताडून बघणाऱ्या माणसाला या कादंबरीत जे दिसतं, ते भल्याभल्या समीक्षकांना दिसणार नाही, असं माझं नम्र मत आहे. (नम्र हा शब्द पत्रव्यवहारातला.)

रहस्यकथांचे माझे संस्कार झाले ते बाबूराव अर्नाळकरांचे. घरात वडिलांनी जपून ठेवलेला गठ्ठा होता. झुंजार काय, काळा पहाड काय, एकेक वीर अंधारातून असा यायचा, की वाचणाऱ्याच्या हातातला चहा निवून जायचा. तिथं वेषांतर म्हणजे वेषांतर असायचं. दाढी लावली की माणूस ओळखू येत नसे, दाढी काढली की सगळे चकित. ख्रिस्तीबाईंच्या गावात दाढीचा उपयोग नाही. तिथं नुसतं नाव बदललं की पुरतं. आणि शोध लावायला रिव्हॉल्व्हर घेतलेला वीर येत नाही, लोकर विणणारी एक म्हातारी येते. मिस जेन मार्पल. १९२७ साली एका गोष्टीत ती पहिल्यांदा आली आणि १९३० सालच्या 'द मर्डर अ‍ॅट द व्हिकारेज' या कादंबरीपासून कायमची झाली. लग्न नाही, नोकरी नाही, उत्पन्न बेताचं. आमच्या भाषेत बचत खातं, किमान शिल्लक राखणारं.

या जातीच्या कादंबऱ्यांना इंग्रजीत 'कोझी' म्हणतात. चहाच्या किटलीवर ऊब टिकायला लोकरीची टोपी घालतात, तिलाही कोझीच म्हणतात. नाव चपखल आहे. खून व्हायचा, पण चहा गार व्हायचा नाही. रक्त फार दाखवायचं नाही, आरडाओरडा बेताचा, आणि शेवटच्या पानाच्या आत सगळा हिशेब जुळलेला. दिवसाअखेरी कॅश जुळली की हेडकॅशियरच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं, ते या पुस्तकांच्या वाचकांना कुठल्याही पगाराशिवाय मिळतं.

तर चिपिंग क्लेगहॉर्न नावाचं गाव. पेपर घरोघर पडतो आणि जो तो ती जाहिरात वाचून उडतो. बंगला 'लिटल पॅडॉक्स', मालकीण मिस ब्लॅकलॉक. तिला स्वतःला या जाहिरातीची गंधवार्ता नाही. तरी ती शांतपणे पाहुण्यांसाठी शेरीची व्यवस्था करते. कारण लोक येणार, याची तिला खात्री. आणि लोक येतातच. निवृत्त कर्नल आणि त्यांची बायको, कोंबड्या पाळणाऱ्या दोन मैत्रिणी, एक लेखकु मुलगा आणि त्याची आई, पाद्रीसाहेबांची बायको. खून बघायला आलो असं कोणी म्हणत नाही. "सहज इकडून चाललो होतो" हे वाक्य इंग्लंडातही चालतं, हे वाचून मला माणुसकीबद्दल फार बरं वाटलं. साडेसहाला दिवे जातात, कोणीतरी बॅटरीचा झोत टाकून हात वर करायला सांगतं, गोळ्या सुटतात. दिवे येतात तेव्हा मालकिणीच्या कानातून रक्त येतंय आणि एक परका तरुण मरून पडलाय. हा रुडी शेर्झ, जवळच्या गावच्या हॉटेलातला स्विस कारकून.

इथपर्यंत मी सर्वसामान्य वाचकासारखाच वाचत होतो. पण पुढे मिस मार्पल आली ती हातात चेक घेऊन, आणि मी खुर्चीत सरळ बसलो.

भानगड अशी. मिस मार्पल त्याच हॉटेलात उतरलेली. तिनं सात पौंडांचा चेक वटवला. रुडीनं ७ च्या आधी एक रेघ ओढून १७ केले आणि अक्षरी 'सेव्हन'पुढे 'टीन' जोडून वर शाईचा एक कलात्मक डाग पाडला. शाई तीच, कारण चेक तिथल्याच टेबलावर लिहिलेला. बँकेनं पैसे दिले. त्या काळी तिकडच्या बँका वटलेले चेक खातेदाराला परत पाठवीत. म्हातारीनं चेक बघितला आणि क्षणात ओळखलं. कशावरून? अक्षरावरून नाही, डागावरून नाही. सतरा पौंडांचा चेक आपण जन्मात लिहिणार नाही, यावरून! महिन्याच्या पगाराबिलांसाठी लिहायचा तर वीसचा, गोल रकमेचा. स्वतःच्या खर्चाला सातचा. पूर्वी पाच पुरायचे, पण महागाई वाढली ना! मधलं सतरा हे काही तिच्या हिशेबात बसत नाही.

वाचकहो, मी हा उतारा दोनदा वाचला आणि सौभाग्यवतीला मोठ्यानं वाचून दाखवला. ती म्हणाली, "अहो, यात काय एवढं? मलासुद्धा कळलं असतं. तुम्ही दुधाच्या हिशेबात बारा रुपये जास्त लिहिले की मला नाही कळत?" हाच तर मुद्दा आहे. कळतं ते सवयीनं.

धंद्याच्या दृष्टीनं आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. 'सेव्हन'चे 'सेव्हनटीन' करणं ही इंग्रजी भाषेनं चोराची केलेली सोय आहे. मराठीत हे जमायचं नाही. सात, सतरा, सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस. एका घरातली भावंडं, पण एकाचं नाक दुसऱ्याला नाही. शाळेत ज्या पाढ्यांनी आपल्याला रडवलं, ते पाढे खरं तर आपल्या खात्याचं रक्षण करत होते. 'सात'पुढे 'शे' लावता येतं, हा एक धोका आहे. म्हणून तर रकमेपुढे लगेच 'फक्त' लिहायचं. 'फक्त' हा शब्द म्हणजे रकमेला घातलेलं कुंपण. १८८१ सालच्या आमच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टात कलम ८७ आहे: चेकमध्ये महत्त्वाचा फेरफार केला तर चेक रद्दबातल. आणि कलम ८९ असं, की फेरफार नुसत्या नजरेला दिसत नसेल आणि बँकेनं रीतसर पैसे दिले असतील, तर बँक सुटली. म्हणजे कायदासुद्धा शेवटी विचारतो काय, तर "डोळ्यांना दिसत होतं का?" २०२१ पासून मोठ्या रकमेच्या चेकांना 'पॉझिटिव्ह पे' आलं. चेक दिला की तो किती रकमेचा आणि कोणाच्या नावे हे खातेदारानं बँकेला आधी कळवायचं. मिस मार्पल ही एकटी म्हातारी सत्तर वर्षं आधीची पॉझिटिव्ह पे आहे.

बहुतेक वाचक हा चेक एक छोटीशी गंमत म्हणून सोडून देतात. माझं म्हणणं असं, की सबंध कादंबरी त्या चेकात आहे. तिथं एका कागदावर सातचे सतरा झालेत. पुढे गावात माणसांचे सातचे सतरा झालेले निघतात.

कसे, ते ऐका. मिस मार्पल इन्स्पेक्टर क्रॅडॉकला गावाबद्दल एक गोष्ट समजावून सांगते. लढाईच्या आधी गावात कोण कोणाचा, हे सगळ्यांना ठाऊक असे. नवीन बिऱ्हाड आलं, तर ते कोणाची तरी ओळखीची चिठ्ठी घेऊन यायचं. अमक्याच्या पलटणीतला, तमक्या बाईंची मैत्रीण. आता कोणीही येतं, घर घेतं आणि राहतं. तो स्वतःबद्दल जे सांगेल, तेच आपल्याला माहीत. हे वाचताना मला आमचा जुना खातं उघडायचा फॉर्म आठवला. त्यात 'ओळख देणाऱ्याची सही' असा एक रकाना होता. जुन्या खातेदारानं लिहून द्यायचं, की या गृहस्थाला मी ओळखतो. पुढे तो रकाना गेला आणि केवायसी आली. ग्राहकाला ओळखा! पूर्वी ओळखत होतो म्हणून कागद मागत नव्हतो, आता कागद मागतो म्हणून ओळखायची गरज नाही.

इंग्लंडात १९३९ साली, लढाई सुरू होताच, घरटी नोंदणी करून माणशी ओळखपत्रं दिली होती. नंबर असलेली, नीटनेटकी आणि सर्वसाधारण माणसाच्या कार्डावर फोटो नाही! क्रॅडॉकच्या डोक्यात येतं ते हेच, की असलं कार्ड मिळवणं खटपट्या माणसाला काय कठीण? ती ओळखपत्रं १९५२ साली रद्द झाली. रेशनची पुस्तकं मात्र १९५४ पर्यंत राहिली, म्हणजे लढाई जिंकून नऊ वर्षं. गावातले हे सभ्य लोक लोण्याची, भाजीची गुपचूप देवाणघेवाण करतात, दारं उघडी टाकून एकमेकांच्या घरात ठेवून येतात आणि इन्स्पेक्टरनं विचारलं की छताकडे बघतात. कागदोपत्री प्रत्येकाचं लोणी मोजलेलं. प्रत्यक्षात केक होतोच. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या मराठी माणसाला हे प्रकरण समजावून सांगावं लागणार नाही.

आता यात वारसा आणा. रँडल गोडलर नावाचा एक धनाढ्य मेला. मृत्युपत्र असं, की हयातभर सगळं बायकोला, तिच्यामागे त्याच्या जुन्या सेक्रेटरीला, म्हणजे आपल्या मिस ब्लॅकलॉकला. ती त्याच्या बायकोआधी गेली, तर बहिणीच्या मुलांना, पिप आणि एमा यांना. बायको तिकडे स्कॉटलंडात शेवटच्या घटका मोजते आहे. पिप आणि एमा यांना लहानपणानंतर कोणी पाहिलेलं नाही. म्हणजे गावातलं योग्य वयाचं कोणीही माणूस पिप असू शकतं किंवा एमा! मयत खातेदाराच्या दाव्यांच्या टेबलावर बसलेल्या कोणालाही विचारा. अशा प्रकरणाला आम्ही एकच शेरा मारतो, 'वारसाचा दाखला आणावा', आणि जेवायला जातो.

खुनी कोण ते मी सांगणार नाही. पण खुनी कसला, ते सांगतो, कारण इथं हे पुस्तक किटलीच्या टोपीतून बाहेर येतं. हा माणूस दुष्ट नाही. दुबळा आहे. आरंभी त्यानं कोणाचं वाईट चिंतलेलंही नव्हतं. सातच्या आधी एक बारीकशी रेघ ओढली, एवढंच. कोणाचं काही बिघडणार नव्हतं. पण एकदा सतरा केले, की ज्याला मूळचे सात आठवतात असं प्रत्येक माणूस धोक्याचा होतो. मग तो माणूस कितीही जवळचा असो, कितीही प्रेमाचा असो. त्याला आठवतं, हाच त्याचा अपराध. कादंबरीतले मृत्यू या हिशेबानं वाचून बघा. त्यातला एक तर असा आहे, की मारणारा मरणाऱ्याचे आदल्या दिवशी मनापासून लाड करतो. बँकेच्या जगात अफरातफरीच्या ज्या कहाण्या ऐकायला मिळतात, त्या अशाच सुरू होतात. "पहिल्या तारखेला परत भरू" म्हणून. तिथं नशिबानं रिव्हॉल्व्हर नसतं.

या सगळ्याची उलटी बाजूही असते. ती मला दर नोव्हेंबरात दिसते. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. २०१४ साली यंत्रावर अंगठा टेकवून हयाती सिद्ध करायची सोय झाली. सोय चांगली आहे. एक आजी आल्या. यंत्रानं उजवा अंगठा नाकारला, डावा नाकारला, बोटं एकेक करून नाकारली. जन्मभर भांडी घासून, भाकऱ्या थापून रेषा झिजून गेलेल्या. आजी म्हणाल्या, "अरे बाळा, मी मीच आहे, याला आता साक्षीदार कुठनं आणू? माझ्या वयाचे सगळे गेले की रे." आमचा म्हातारा शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, या आपल्या देवळाशेजारच्या आजी. मी शाखेत लागलो तेव्हापासून येतात." कागदी फॉर्मची वाट अजून उघडी आहे, त्यावरून काम झालं. पण ते वाक्य काही जाईना. चिपिंग क्लेगहॉर्नमध्ये कागद चोख आणि माणूस खोटा. इथं माणूस खरा आणि यंत्र राजी नाही. दोन्हीकडे उपाय एकच: कोणाला तरी आठवलं पाहिजे. तो शिपाई येत्या मार्चला निवृत्त होतोय.

आता उधारीची बाजू. दोष दाखवल्याशिवाय परीक्षण पुरं होत नाही. पहिला दोष, एका लहान गावात, त्यातही एका घरात, खोटं नाव घेतलेली माणसं किती असावीत याला काही प्रमाण आहे. रेशन इतकं कडक असताना तोतयांचा पुरवठा इतका सढळ कसा, असं वाटून जातं. दुसरा दोष जास्त खुपणारा आहे. मिस ब्लॅकलॉककडे मिट्झी नावाची स्वयंपाकीण आहे, युरोपातून जीव घेऊन पळालेली निर्वासित. आपलं सगळं कुटुंब मारलं गेलं, असं ती सांगते. पोलीस दिसले की किंचाळते. आणि सबंध गाव तिला हसतं, लेखिकाही हसवते. थापाड्या बाईच्या थापांखालीही काहीतरी खरं असावं, असं मालकीण एकदा म्हणते खरी, आणि शेवटी तिच्याच हातून एक धाडस करून घेतलंय. पण लढाई संपून पाच वर्षं झालेली असताना त्या किंचाळण्यावर हसू यावं, हे मला जड गेलं. तिच्याजवळ ओळखीची चिठ्ठी नाही, एवढंच ना? तिच्या चॉकलेटच्या केकला मात्र सगळे मिटक्या मारतात. त्याचं नाव घरातल्या एका टवाळ पोरानं 'स्वादिष्ट मृत्यू' ठेवलंय.

जमेच्या बाजूला मोठी रक्कम आहे. बाई लबाडी करत नाहीत. सगळे पुरावे टेबलावर उघडे मांडलेले असतात: एक दिवा, फुलदाणीतली फुलं, एका शब्दाचं स्पेलिंग, एका संध्याकाळी दिवाणखान्यात न पेटवलेला विस्तव. आपण ते वाचतो आणि पुढे जातो, जसे आपण पासबुक भरून घेतो आणि न वाचताच खिशात घालतो. शेवटी मिस मार्पल तेच कागद उलगडून दाखवते, तेव्हा आपल्याला फसवल्याचा राग येत नाही, न बघितल्याची शरम वाटते.

म्हणून माझा शेरा असा: पुस्तक वाचावे. पावसाळी रविवारी दुपारी वाचले तर उत्तम. चेकवर रकमेपुढे 'फक्त' लिहिण्यास विसरू नये. पासबुक महिन्यातून एकदा तरी उघडून पाहावे. आणि शेजारी नवीन बिऱ्हाड आलं, तर त्यांच्याकडे वाटीभर साखर मागायला जरूर जावं. घरात साखर असली तरी जावं. त्यांनी आपल्याला ओळखावं, यासाठी. उद्या यंत्रानं आपला अंगठा नाकारला, तर "हे हेच आहेत हो" असं म्हणणारं एक माणूस गावात पाहिजे.